डावं-उजवं

१

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्याचा संबंध म्हणाल तर दोन मुलींना सकाळी फाटकापर्यंत सोडण्यापुरता. पण कुणी सहज विचारलं, ‘हे कसं चालतं रे?’, की गडी खुर्ची ओढून बसायचा, कागदावर चौकोन काढायचा आणि समोरच्याचा चहा पार निवेपर्यंत समजावून सांगायचा. म्हणून मास्तर. हे नाव आपल्याला आवडत नाही असं तो म्हणायचा, पण आवडायचं.

त्यांची वेबसाइट घरगुती युक्त्यांची होती. शर्टावरचा शाईचा डाग कसा काढावा, कुरकुरणारं दार कसं गप्प करावं, कपाचा तुटलेला कान कसा चिकटवावा, असलं काहीबाही लोक लिहायचे आणि दुसरे लोक ते वाचून ‘आवडलं’चं बटण दाबायचे. इतकी वर्षं नवी पोस्ट वर आणि जुनी खाली, असा साधा कारभार होता. मग मालकांच्या मनात आलं की एक ‘लोकप्रिय’ नावाचं पान हवं. ज्या पोस्टला जास्त लोकांनी ‘आवडलं’ म्हटलं, ती वर. काम मास्तरकडे आलं.

आता खरं सांगायचं तर ह्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं. डेटाबेसला सांगायचं, बाबा रे, प्रत्येक पोस्टला किती जणांनी ‘आवडलं’ म्हटलंय ते मोज, मोठा आकडा वर ठेव, एका पानावर मावतील तेवढ्याच दे, आणि बाकीच्या ‘पुढचं पान’ दाबल्यावर. मास्तरने दुपारच्या चहाआधी ते उरकलं, दोनदा तपासून पाहिलं आणि चालू करून दिलं. मालक खूश, वाचणारे खूश.

मग कुंडीवालीचा फोन आला. ही बाई साइटवर कुंडीतल्या झाडांबद्दल लिहायची, म्हणून ऑफिसात तिचं हे नाव पडलं होतं.

“अहो, माझी पोस्ट कुणी काढली?”

“कुणीच नाही काढली. कुठली पोस्ट?”

“परगावी जाताना झाडांना पाणी कसं मिळेल, ती. बादलीत सुताची दोरी सोडायची आणि दुसरं टोक कुंडीत खुपसायचं. ती.”

मास्तरने शोधलं. पोस्ट डेटाबेसात होती, तिला लोकांनी ‘आवडलं’ही म्हटलं होतं. “आहे की! माझ्यासमोरच आहे.”

“तुमच्यासमोर असेल. मी तुमचं ते लोकप्रिय पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं. माझी पोस्ट नाही. आणि ती ओले बूट वाळवायची पोस्ट आहे ना, ती मात्र दोनदा आहे. एकदा ह्या पानाच्या तळाला आणि एकदा पुढच्या पानाच्या डोक्यावर.”

“असं कसं होईल?”

“तेच तर मी तुम्हाला विचारतेय.”

२

बाईचं खरं होतं. मास्तरने स्वतः पानं चाळली. ओले बूट दोनदा, सुताची दोरी कुठेच नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून चाळलं, तर ह्या खेपेला दोरी दोनदा आणि बूट गायब. त्याने चष्मा पुसला आणि तो आजोबांच्या टेबलाशी गेला.

आजोबा म्हणजे ऑफिसातला डेटाबेस सांभाळणारा माणूस. वयाने मास्तरपेक्षा थोडाच मोठा. पण केस लवकर पिकले आणि बोलताना ‘आमच्या वेळी’ म्हणायची खोड, त्यामुळे भरल्या तारुण्यात आजोबा झाला.

“दोन्ही पोस्टचे आकडे सारखे असतील,” आजोबा म्हणाले.

“सारखेच आहेत.”

“मग झालं तर! हे बघ, पानं असतात ती तुझ्यामाझ्यासाठी. डेटाबेसला पान-बीन काही नसतं. तू पुढचं पान मागितलंस की तो मघाची रांग आठवत बसत नाही, पुन्हा नव्याने लावतो. मोठा आकडा पुढे, हे तो चोख करणार. पण दोघींचे आकडे सारखे असले, तर त्यांच्यात पुढे कोण नि मागे कोण, ह्याचं त्याला काही सोयरसुतक नसतं. मघाशी ही पुढे होती, आता ती. तू पान पलटेपर्यंत त्यांनी जागा बदलल्या, की एक तुला दोनदा दिसते आणि दुसरी दिसतच नाही.”

“पण असते.”

“असते ना. जाते कुठे? फक्त कुठल्याच पानावर नसते.”

आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरचा चहा कुणीतरी निववला होता. तो कप हातात धरून उभा राहिला. “मग ह्यावर उपाय?”

“एका ओळीचं काम आहे. आकडे सारखे असले तर जी आधी लिहिली ती पुढे, एवढं सांगून ठेव.”

“म्हणजे जुनी कायम पुढे? तिने असं काय जास्त केलंय?”

“मग नवी पुढे ठेव.”

“ती तरी का?”

“अरे बाबा, कुठलीही ठेव! चिठ्ठी टाक वाटलं तर. पण एकदा काय ते ठरव, आणि ठरवलंस की बदलू नकोस.”

“सारख्या आहेत तर सारख्या आहेत, आजोबा. मुद्दाम डावं-उजवं कशाला करायचं?”

आजोबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “न्याय घरी कर. इथे रांग लाव.”

मास्तर ‘बघतो’ म्हणाला. ती एक ओळ त्याने काही त्या दिवशी लिहिली नाही.

३

ह्या हट्टाचं मूळ घरात होतं. मास्तर तीन भावंडांत मधला. आईचा जीव थोरल्यावर, वडिलांचा धाकट्यावर, आणि हा आपला मधल्यामधे. कुणी त्याला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त घरात शिरल्यावर कुणाचे डोळे आधी ह्याला शोधत नसत. म्हणून स्वतःला मुली झाल्या तेव्हा त्याने मनाशी गाठ मारली, की काही झालं तरी दोघींत डावं-उजवं करायचं नाही.

थोरली माऊ आणि धाकटी खारू. मधे जेमतेम वर्षाचं अंतर. खारू भरभर वाढली, त्यामुळे पाठमोऱ्या दोघी एकाच मापाच्या दिसत. पण तोंडं अगदी वेगळी. माऊचा चेहरा गोल, स्वभाव संथ, विचारात पडली की वेणीचं टोक चघळायची. खारू निमुळत्या तोंडाची, एका जागी ठरायची नाही, आणि तिचा वरचा एक दात नुकताच पडला होता. सफरचंद कापायचं झालं तर मास्तर सुरी धरून इतका वेळ उभा राहायचा की फोड काळी पडायची. झोपताना एकीला एक गोष्ट, तर दुसरीलाही तेवढ्याच लांबीची.

त्याची बायको दातांची डॉक्टर होती आणि जिभेला काही हाड नव्हतं. “माझा बाई खारूवर काकणभर जास्त जीव आहे,” ती खुशाल म्हणायची. “माऊवरही आहेच. पण खारू म्हणजे खारू. आता आहे ते आहे.”

“असं बोलू नये गं. मुलींच्या कानावर गेलं तर?”

“तू तराजू घेऊन बस. मला नाही जमत.”

ऑफिसातल्या त्या बोलण्यानंतर लगेचच्याच एका संध्याकाळची गोष्ट. त्यांचं घर लांबट होतं. पुढे बैठकीची खोली, मग अरुंद बोळ, बोळात डाव्या हाताला मुलींची खोली, आणि टोकाला स्वयंपाकघर. मास्तर घरी आला तेव्हा बैठकीच्या खोलीत खारू पालथी पडून चित्र रंगवत होती. पडलेल्या दाताच्या फटीतून जिभेचं टोक बाहेर काढून. त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, बूट काढले, आणि बोळातून हात धुवायला स्वयंपाकघरात गेला.

स्वयंपाकघरात स्टुलावर बसून खारू मटार सोलत होती.

“तू इकडे कधी आलीस?”

“मी इथेच आहे, बाबा.” ती हसली. दाताची फट दिसली.

“आणि बाहेर चित्र कोण काढतंय?”

“माऊ.”

त्याने नळ चालू केला, हात धुतले. पाणी जरा जास्तच वेळ वाहू दिलं असेल. मग तो सावकाश बोळातून परत आला. बैठकीच्या खोलीत माऊ पालथी पडून चित्र रंगवत होती, वेणीचं टोक तोंडात. मास्तरचा जीव भांड्यात पडला. दिवेलागणीची वेळ, डोक्यात दिवसभराचं काम. माणसाची नजर चुकते, त्यात काय?

४

सकाळी मुलींच्या वेण्या घालायचं काम मास्तरचं. बायकोला दवाखान्यात लवकर जावं लागे, आणि तसाही त्याचा हात चांगला होता. खोलीत खिडकीजवळ स्टूल ठेवायचं, पाठमोरी बसवायची, तेल, कंगवा, तीन पेड, रिबीन. आज माऊ आधी, उद्या खारू आधी. ह्यातही त्याची पाळी ठरलेली.

त्या दिवशी पाळी माऊची होती. ती आली, बसली, त्याने वेणी घातली. केसांत हात असला की तो बोलायचा नाही. खालच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी उभी होती, तिचा भोंगा ऐकत त्याने रिबिनीची गाठ मारली आणि पाठीवर थाप देऊन सोडली. “जा. खारूला पाठव.”

ती गेली, दुसरी आली. पुन्हा तेल, पुन्हा तीन पेड. ही सारखी मान वळवत होती. “हलू नकोस,” तो म्हणाला, आणि शेवटची गाठ मारून त्याने तिला आपल्याकडे फिरवलं. खारू. बरोबर आहे, खारूच हवी. मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं. पहिली अजून दारातच उभी होती, रिबीन नीट बसली की नाही ते चाचपत. तिने तोंड वर केलं. दाताची फट.

दाराशी खारू होती आणि स्टुलावर खारू होती.

“झालं, बाबा?” दोघींतल्या कुणीतरी विचारलं.

ह्या वेळी दिवेलागण नव्हती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मास्तरने डोळे मिटले आणि, आता काय सांगावं, तो मनातल्या मनात स्वतःला समजावू लागला. पोरी सारख्या उंचीच्या. सारखा गणवेश. हिचा दात पडला तसा तिचाही पडला असेल, वयच आहे ते. आपण मुलींच्या तोंडाकडे नीट बघतो तरी कधी? हे सगळं पटण्यासारखं होतं. त्याने डोळे उघडले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, आणि बोळात बूट घालायची गडबड चालली होती.

शाळेपर्यंत तो दोघींचे हात धरून गेला. एक डाव्या हातात, एक उजव्या. रोज तो वाटेत दोघींशी आळीपाळीने बोलायचा. आज त्याने समोरच्या पदपथावर नजर ठेवली. डाव्या हातातली बोटं चुळबुळत होती. उजव्या हातातली बोटंही तशीच चुळबुळत होती. माऊ कधी बोटं चुळबुळवत नाही. तिचा हात गरम पोळीसारखा शांत पडून असतो. फाटकाशी त्याने दोन्ही हात एकदम सोडले आणि मागे न बघता तो वळला. वळल्यावर त्याला स्वतःची फार लाज वाटली.

५

पुढे पुढे माऊ कमी दिसू लागली.

अगदीच दिसेनाशी झाली असं नाही. कधी सकाळी उठवायला गेलं की पांघरुणातून तिचा गोल चेहरा वर यायचा आणि मास्तरला हुंदका फुटायचाच काय तो बाकी राहायचा. कधी जेवताना ती समोर असायची, मग तो मीठ आणायला उठायचा, आणि मीठ घेऊन येईपर्यंत समोर खारू. शेजारीही खारू. तो जागचा हलायचा नाही असं ठरवून बसला, तर बराच वेळ सगळं ठीक राहायचं. पण घरात माणूस किती वेळ एका खोलीत बसून राहील? उंबरा ओलांडला की झालं.

एका रविवारी सकाळी त्याने बायकोला विचारलंच. ती ओट्याशी दूध गाळत होती.

“अगं, माऊ कुठे आहे?”

“ही काय, इथेच तर आहे.” बायकोने मानेने टेबलाकडे खूण केली.

टेबलाशी दोन खुर्च्यांवर दोघी बसल्या होत्या. दोघी खारू.

“तू तिच्याशी बोल ना जरा,” मास्तर म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही बोल. माऊशी बोल.”

बायकोने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण पेला भरला आणि टेबलाशी गेली. “माऊ, घे गं. साय काढलीय तुझ्या दुधातली. आणि वेणी तोंडातून काढ आधी.” एक हात पुढे झाला आणि त्याने पेला घेतला. तो हात खारूचा होता. अंगठ्याजवळ हिरव्या रंगाचा डाग होता, कालच्या चित्राचा. वेणी पाठीवर होती, तोंडात नव्हती. बायकोने त्या चेहऱ्यासमोरच्या हवेतून काहीतरी अलगद बाजूला केलं. ओल्या वेणीचं टोक बाजूला करावं तसं.

मास्तर ओट्याला टेकला.

“तुला बरं नाहीये का?” बायकोने विचारलं.

“तुला दोघी दिसतात?”

“म्हणजे?”

“म्हणजे... दोघी वेगवेगळ्या?”

“अरे, मी आई आहे त्यांची! काय बोलतोयस तू?” मग तिचा आवाज मऊ झाला. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. “डोळे दाखवून ये. चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि जरा सुटी घे, त्या कामाने डोकं फिरलंय तुझं.”

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं. नंबर आहे तेवढाच होता. मास्तरला खरोखर वाईट वाटलं.

६

“केलंस का रे ते?” आजोबांनी विचारलं. “कुंडीवालीचा पुन्हा फोन आला होता.”

“नाही अजून.”

“अरे, तिची पोस्ट बुडाली. बघ जरा.”

मास्तरने पाहिलं. ओले बूट आता बरेच वर चढले होते. सुताची दोरी मात्र सारख्या आकड्याच्या दुसऱ्या पोस्टांत अडकून होती तिथेच होती, म्हणजे कुठेच नव्हती.

“सुरुवातीला दोन्ही सारख्या होत्या,” आजोबा म्हणाले. “मग बूट नशिबाने चार वेळा जास्त दिसले. जी दिसते तिलाच लोक ‘आवडलं’ म्हणतात. जी दिसतच नाही, तिला कोण म्हणणार? आता त्यांच्यात बरोबरी राहिलीच नाही. तुझा न्याय झाला बघ.”

मास्तर तडक वळला. तो आपल्या जागेवर गेला आणि त्याने ती एक ओळ लिहून टाकली. आकडे सारखे असल्यास आधीची पुढे. पानं चाळली, जिकडच्या पोस्ट तिकडे, एकेकच. कुंडीवालीला त्याने स्वतः फोन केला. तुमची पोस्ट आहे आता, पण बरीच मागे आहे, असं चाचरत सांगितलं.

“मागे असली तर असू दे हो,” ती म्हणाली. “असली म्हणजे झालं.”

घरी जाताना त्याला एका दुकानात रंगीत खडूंच्या पेट्या दिसल्या. खारूचा हिरवा खडू संपत आला होता. त्याने एक पेटी घेतली, आवडीने घेतली, झाकणावर जहाज असलेली, आणि पेटी खिशात टाकून तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. चांगला पुढच्या वळणापर्यंत गेला. मग त्याचे पाय थांबले.

त्याने एकच पेटी घेतली होती.

विसरला असता, घाईत राहून गेली असती, तर त्याने स्वतःला एक शिवी दिली असती आणि तो मागे वळला असता. तसं नव्हतं. दुकानात दुसरी पेटी घ्यावी असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. सकाळपासून त्याला माऊची आठवण झाली नव्हती. आता आठवण आल्यावर तो तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणू लागला. गोल होता, एवढं माहीत होतं. भुवया कशा होत्या? हसताना काय व्हायचं? माणसं त्याला धक्के देत जात होती. पदपथाच्या मधोमध उभा राहून हा बाप आपल्या लेकीच्या भुवया आठवत होता, आणि त्या काही केल्या येत नव्हत्या.

७

घरात बायको स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज येत होता, आणि तिचं मुलींशी काहीतरी बोलणं. मास्तर बोळातच थांबला.

हे असलं काही खरं नसतं हे त्याला माहीत होतं. डेटाबेस वेगळा, घर वेगळं. हे तो कुणालाही कागदावर चौकोन काढून पटवून देऊ शकला असता. पण कागद आणायला त्याला वेळ नव्हता. “थोरली आधी,” तो हळूच म्हणाला, आणि त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. टेबलाशी दोन खारू. वयाने मोठी म्हणून आधी, ही दुसऱ्या कुणाची तरी ओळ होती. त्याच्या मनाला ती लागू नव्हती. नुसतं म्हणून भागणार नव्हतं.

तो मुलींच्या खोलीत गेला आणि माऊच्या पलंगावर बसला. उशीवर एक जागा दबलेली होती.

जे त्याने कधी केलं नव्हतं ते तो आता करायला बसला. माऊ त्याला का आवडते? खारूपेक्षा जास्त का? खारूचा दंगा कानांत घुमत होता, फट दाखवत हसणं डोळ्यांपुढे येत होतं. ते त्याने एकेक करून बाजूला सारलं. सारताना हात पोळल्यासारखं झालं, तरी सारलं. मग फार वेळाने एक दुपार हाती लागली. त्याचे वडील गेल्याचा फोन आला होता आणि तो ह्याच घरात भिंतीकडे तोंड करून बसला होता. सगळे त्याला काहीतरी विचारत होते. माऊ तेवढी काही विचारत नव्हती. ती आपली उशी घेऊन आली, त्याच्या शेजारी टाकली, आणि त्याच्यासारखीच भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. अंधार पडेपर्यंत. घरात शिरल्यावर डोळ्यांनी आधी त्याला शोधणारं कुणी असेल, तर ती होती.

“माऊ,” तो मोठ्याने म्हणाला. “माझा जास्त जीव माऊवर आहे.”

आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हे खरं आहे. आज ठरवलं म्हणून नव्हे, कधीपासूनच असावं. आतापर्यंतच्या कशाचीही वाटली नव्हती एवढी भीती त्याला ह्याची वाटली.

“बाबा, तुम्ही माझ्या उशीवर बसलाय.”

ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला होती. मांडी घालून, वेणीचं टोक तोंडात. भुवया विरळ होत्या आणि मधोमध जवळजवळ टेकलेल्या. कशा विसरलो आपण? त्याने तिला ओढून घेतलं. तिचं डोकं, तेलाचा वास, शांत पडलेला गरम हात, सगळं जिथल्या तिथे होतं. मास्तर ढसाढसा रडला. रडू दे बापडा.

“काय झालं, बाबा?”

“काही नाही गं. काही नाही.”

मग त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं. दारात खारू उभी होती. एकच. चौकटीला गाल टेकवून, हात मागे घेऊन. कधीपासून उभी होती कोण जाणे. एका जागी ठरत नाही म्हणून घरभर जिला ओरडा बसायचा, ती मुलगी अगदी खिळून उभी होती.

“आणि मी, बाबा?” तिने विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक बापाला झोपेतही येतं. मास्तरच्याही ते जिभेवर आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. ‘वेडाबाई, तुम्ही दोघी मला सारख्याच.’ तो बोलायला तोंड उघडतो आहे, तेवढ्यात मिठीतल्या माऊची बोटं त्याच्या पाठीवर चुळबुळली. त्याने खाली पाहिलं. तिने चेहरा वर केला होता, आणि क्षणभर, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, त्या चेहऱ्यात दाताची फट होती.

त्याने तोंड मिटलं. माऊला घट्ट धरून ठेवलं. बोटं शांत झाली.

खारू वाट बघत होती. तिला उत्तर हवं होतं, आणि गप्प राहणं हेही तिच्या वयाला उत्तरासारखंच वाटलं असतं. पण कुठल्या तरी जागी उभं तर करायला हवं तिला. नाहीतर तीही कुठे राहिली असती?

“तू तिच्यानंतर, बाळा,” तो म्हणाला.

खारूने मान हलवली, रांगेत आपला नंबर कळल्यावर हलवतात तशी. मग ती वळली आणि बोळातून एकटीच स्वयंपाकघराकडे गेली.